पाचच्या एस.टी.पुरतं पाणी

भवानीनगर,
ता. १८ मार्च १९९६

तीर्थस्वरूप गोजरआत्यास,

सारजाचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा सात अंगांचाच धरावा, आठव्याचं पुढच्या भेटीत बघू.) तुझी कंबर कशी आहे? काल परत जाताना एस.टी.त बसायला जागा मिळाली का? नसेल मिळाली तर कोण धटिंगण बसून राहिला होता त्याचं वर्णन कळव, मी बघून घेईन. आम्ही दोघं ठीक आहोत. पत्र वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या छबूबाईंनाही नमस्कार. (छबूबाई, मधली वाक्यं गाळायची नाहीत आणि पदरची घालायची नाहीत. तीस वर्षं मुलांचं वाचन तपासलंय मी. तुम्ही बारामतीत गाळलेलं वाक्य मला इथं ऐकू येतं.)

खुशाली संपली. आता भांडणाकडे वळते.

लग्न होऊन मी इथं आले त्याला तीन महिने झाले आणि काल तू पहिल्यांदा माझ्या घरी आलीस. अठ्ठावन्नाव्या वर्षी, रिटायर झाल्यावर लग्न केलं म्हणून सगळी गल्ली तोंडाला पदर लावून हसली, तेव्हा तू एकटी हसली नव्हतीस. (तू महिनाभर बोललीच नव्हतीस, पण ते वेगळं.) मोतीबिंदूच्या शिबिरात माझा डावा डोळा बांधलेला, जोतीरामांचा उजवा, आणि दोघांत मिळून जे दोन डोळे उघडे होते त्यांनी हा निर्णय घेतला; आता बोल लावायचा तर डॉक्टरांना लाव. माणूस चांगला आहे. मूलबाळ नसलेला विधुर, चौतीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात गेली, त्यामुळे समोर काहीही आलं की आधी त्याचं वजन सांगतो. माझंही सांगितलं होतं. पुन्हा सांगणार नाही.

तर तू येणार म्हणून मी पुरणपोळ्या केल्या. आयुष्यातल्या पहिल्या. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला काट्याचमच्यानं केळं खायला शिकवलं, पण पुरण पाट्यावर किती वाटायचं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. आणि घरी तू कधी चुलीपाशी फिरकू दिलं नाहीस. ("पुस्तक धर, परात सोड." आठवतं का?) पहाटे चारला उठले. अकरा लाटल्या. चार पोळ्यांसारख्या झाल्या, सहा पुणे जिल्ह्याच्या नकाशासारख्या आणि एकीचा अख्खा इंदापूर तालुका तव्यालाच राहिला. तरी म्हटलं, चार तर चार. पन्नास वर्षं जिनं मला गरम वाढलं आणि स्वतः गार खाल्लं, तिला आज एकदा पाटावर बसवून गरम वाढू.

आणि तू काय केलंस? फडक्यात बांधलेली भाकरी, लसणाची चटणी आणि तोंडाला कापड बांधलेला पितळी तांब्या घेऊन उतरलीस आणि माझ्या पायरीवर बसलीस. पायरीवर! जशी वसुलीला आलीस. मी पाट मांडलेला, रांगोळी काढलेली (तीसुद्धा पहिलीच), आणि तू म्हणालीस, "लेकीला ल्येकरू झाल्याबिगर तिच्या घरचं पानी पिऊ न्हाय. छबूबाई बी तेच म्हनली." (छबूबाई, इथं खोकला आला तरी वाचत राहा.)

अगं, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे! मला लेकरू होण्याची वाट बघत असशील तर त्या तांब्यातलं पाणी आटेल, तांब्या आटेल, उजनीचं धरण आटेल. हे मी तुला मोठ्यानं सांगितलं. शेजारपाजार बाहेर आला. तू भाकरीचा तुकडा मोडून शांतपणे म्हणालीस, "वरडू नगं, कुकर झालाय का तुजा?" आणि तिथूनच, तीन हात लांबून, ताटातल्या पोळीकडे बघून, "कडा जाड राह्यल्यात." न खाता नापास! मीसुद्धा पेपर वाचून मगच नापास करत असे.

जोतीराम आत येऊन माझ्या कानात म्हणाले, "तांब्यात सव्वा लिटर आहे. हे ऊन बघता चारला संपेल. आत्या पाचची एस.टी. धरणार." मी त्यांच्यावर ओरडले. चारला तांब्या संपला. बिचारे माठातलं पाणी घेऊन वाकले, म्हणाले, "आत्या, निदान वाटंपुरतं." तू तांब्याच्या तोंडावर तळवा ठेवलास. जावयाला वर "आवशीद घ्या गुडघ्याला, तिला बी द्या" म्हणालीस आणि सुकल्या ओठांनी पाचच्या एस.टी.त बसलीस. मी खिडकीशी उभी होते. तू आत्ता वळशील, मग वळशील म्हणून गाडी कॅनॉलपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत उभीच होते. वळली नाहीस.

रात्री त्या चारही पोळ्या मी म्हशीला घातल्या. कडा तिनंही ठेवल्या, हे तुला कळलंच पाहिजे म्हणून कळवते.

आता माझा मुद्दा ऐक. हा नियम आईबापांना असतो. आणि तू माझी आई नाहीस, हे मला कुणी सांगितलं? तूच. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची आणि तू कपाळ पुसून माहेरी अंथुर्ण्याला परतलेली, वीस वर्षांची. तेव्हापासून हेच. सातव्या वर्षी तापात मला उचल म्हटलं तर "मी काय तुजी आई हाय व्हय?" असं बडबडत मला पाठीवर टाकून दवाखान्यापर्यंत चालत नेलंस. वाट्याला आलेली वीस मेंढरं विकून मला कॉन्व्हेंटात घातलंस आणि सिस्टरनी फॉर्मवर आईच्या जागी अंगठा मागितला तेव्हा "आत्या लिवा, न्हायतर पोरगी परत न्हेते" म्हणून अडून बसलीस. तीन महिन्यांमागे माझ्या रजिस्टर लग्नातही तेच. साहेबांनी "मुलीच्या आई कोण?" विचारलं आणि तू बाकावरून उठून बाहेर जाऊन बसलीस. मग आता एक काय ते ठरव. आत्या असशील तर मुकाट्यानं येऊन जेव.

खरं सांगू? बारामतीच्या त्या दोन खोल्यांत आपण दिवसाला तीन वाक्यं बोलायचो, त्यातली दोन तुझ्या मिसरीवरून. आता दर बाजाराला कंडक्टरच्या हाती चटणीची बरणी येते आणि झाकणाखाली छबूबाईंच्या अक्षरात तुझी चिठ्ठी असते: "उनात हिंडू नगं." "रातीला दूध पी." अशा अकरा झाल्यात. इंग्रजी शब्दकोशात ठेवल्यात, कारण तो या घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. पहाटे कारखान्याचा भोंगा होतो, मी उठून बसते आणि "आजून लोळतीयास?" याची वाट बघते. कुणी म्हणत नाही. या घरात मला वाटेल तितकं लोळता येतं आणि त्याला काही चव नाही.

जोतीरामांचा नमस्कार. उत्तर छबूबाईंच्या अक्षरात, पण तुझ्या तोंडचं पाठव.

तुझी,
सारजा

ता. क. परवा मी तव्यावर मिसरी भाजली. लावली नाही. नुसता वास घरात फिरू दिला. शेजारीण आता मला डबी मागायला येते. हे गल्लीत सांगायचं नाही. (छबूबाई, तुम्हालाच म्हणते.)

ता. क. दुसरा. पाकीट बंद केलं होतं, पण जोतीरामांनी हातावर तोललं आणि म्हणाले, "जादा तिकीट लागेल, राग जड आहे." म्हणून उघडून पुन्हा वाचलं. आत्या, कुठलीही आत्या भाचीच्या घरी पोटभर जेवते. तिला कोण अडवतं? तू मार्चच्या उन्हात तहानलेली बसलीस. वरची मागणी रद्द. माझ्या घरचं पाणी पिऊ नकोस, कधीच पिऊ नकोस, एक घोटही नाही. आणि छबूबाई, अगदी वर मी "तीर्थस्वरूप" लिहिलंय. आईबापांना तीर्थरूप आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, असं मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. तिथं "तीर्थरूप" करा आणि तेवढी ओळ तिला पुन्हा वाचून दाखवा. जरा मोठ्यानं, डाव्या कानानं तिला कमी येतं.

ता. क. तिसरा. येत्या रविवारी ये. फक्त तांब्या आणू नकोस, कळशी आण. जोतीराम स्टँडवर उतरवून घ्यायला येतील. त्यांच्या अंदाजानं कळशीभर पाणी तुला आठ दिवस पुरतं.