अर्नाळ्याच्या वाळूत

फुलपाडा, विरार

प्रिय दादा,

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी वाच.

रविवारी भुईगावहून किनाऱ्याकिनाऱ्याने अर्नाळा बंदराला गेलो. किनारा इतका सुंदर, की संग्रामनं गाडी थेट वाळूत उतरवली. सासूबाई मागे झोपल्या होत्या, म्हणून आम्ही दोघंच बोटी बघायला गेलो. परतलो तर भरतीचं पाणी खिडक्यांपर्यंत चढलेलं! दार उघडेना. मी नुसती किंचाळत होते. मासळी सुकवणारी रोझमेरी नावाची बाई दगड घेऊन धावली. "सरा बाजूला!" म्हणत तिनं काच फोडली आणि सासूबाईंना बाहेर ओढलं.

गाडी डोळ्यांदेखत बुडाली. सासूबाईंना फक्त खरचटलंय.

आईचं बीपी कसं आहे? तिला एवढंच सांग, समुद्र छान होता.

तुझी,
संपदा