लाईन आता मोकळी आहे

१ मार्च, बुधवार. सकाळी ११.
निर्णय झाला. डायल-अपला रामराम, घरात ब्रॉडबँड. टेलिफोन ऑफिसात जाऊन अर्ज दिला, पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय मी काउंटर सोडत नाही. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली. पोच नसलेल्या अर्जाचं पुढे काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते मीच करायचो.

कारण लिहून ठेवतो. चिरंजीव घर सोडून गेले त्याला आठ महिने झाले. आठ महिन्यांत एक फोन नाही. हे शक्य आहे का? मुलगा आहे, दगड नाही. मी रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ, त्याचं ई-मेल आलंय का ते बघायला नेटवर बसतो. डायल-अप म्हणजे तेवढा वेळ फोन एंगेज. तो सातला ऑफिसातून सुटत असणार. फोन लावणार, एंगेज. परत लावणार, एंगेज. किती दिवस लावेल बिचारा? इतकं साधं गणित, पण मला सुचायला आठ महिने लागले. सुचलं मात्र मलाच.

हिला समजावून सांगितलं. ही भाजी निवडत राहिली. तांत्रिक गोष्टी हिच्या डोक्यावरून जातात.

३ मार्च, शुक्रवार.
ब्रॉडबँड आलं की पहाटे साडेपाचला उठणे. टायपिंग दोन्ही हातांनी, दहाही बोटांनी. आणि पहिल्याच दिवशी चिरंजीवांना ई-मेल. मजकूर तयार आहे, सप्टेंबरपासून. पाठवायला जावं तर कनेक्शन तुटतं. म्हणजे सगळं पुन्हा वाचून, एखादा शब्द इकडचा तिकडे करून मी 'सेंड'वर पोचेपर्यंत तुटतंच. ब्रॉडबँड तुटत नाही म्हणतात.

४ मार्च, शनिवार.
जिन्यात सर्वज्ञ भेटले. वरच्या मजल्यावर राहतात. सर्वज्ञ हे मी ठेवलेलं नाव, एवढी एकच गोष्ट त्यांना माहीत नाही. म्हणाले, ब्रॉडबँडमध्ये कुणी फोन उचलला तरी नेट तुटत नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

घरी येऊन जरा बसलो. हे आठ महिन्यांपूर्वी मिळतं तर सगळंच टळलं असतं. चिरंजीव आतल्या खोलीत नेटवर बसून कुठल्याशा परगावच्या कंपनीची परीक्षा देत होते आणि मी बाहेरच्या खोलीतला फोन उचलला. चुकून. कनेक्शन तुटलं. बस्स. एवढ्यावरून कुणी घर सोडतं? दोष शंभर टक्के डायल-अपचा.

९ मार्च, गुरुवार. दुपारी ४.
ब्रॉडबँडवाला आला. वेळ दहाची, आला सव्वातीनला. मोडेमवर चार हिरवे दिवे. भिंतीपाशी एक पांढरी डबी बसवली, तिला स्प्लिटर म्हणतात. एक वायर आत, दोन बाहेर, एक फोनला आणि एक कॉम्प्युटरला. दोघांचा एकमेकांना काडीचा त्रास नाही, म्हणाला. मी विचारलं, घरातल्या माणसांसाठी मिळते का अशी डबी? तो हसला नाही. हीही हसली नाही.

रात्री ९.३०.
नेट चालू, फोन मोकळा, दोन्ही एकदम! सात वाजता खुर्ची फोनशेजारी ओढून बसलो. अजून फोन नाही. पहिलाच दिवस आहे. लाईन मोकळी झाली हे त्याला कुठे माहीत? कळवायला हवं. ई-मेल उद्या.

१२ मार्च, रविवार.
तीन दिवस साडेपाचचा गजर लावतो आहे. गजर वेळेवर होतो.

ई-मेल राहिलं. दुसरा परिच्छेद जरा कडक वाटतो आहे.

संध्याकाळचं सहा ते सात फिरणं बंद केलं. फोनपाशी माणूस हवं. ही म्हणाली, मी आहे ना. म्हटलं, तू सारखी स्वयंपाकघरात, तुला घंटा ऐकू जायची नाही. ही म्हणाली, डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय, शुगर वाढेल. हिला माझ्या शुगरची फार काळजी. स्वतःच्या गुडघ्यांमुळे वर्षभर जिना उतरलेली नाही, पण गेले आठ महिने मला सहाच्या ठोक्याला दाराबाहेर काढायची. पाऊस असला तर हातात छत्री द्यायची. असं कोण कुणाचं करतं?

१४ मार्च, मंगळवार. ६.१५.
फोन वाजला! सहा वाजून दहा मिनिटं. पहिल्या रिंगलाच उचलला. हॅलो म्हटलं. पलीकडे कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं आणि कट. ब्लँक कॉल. ही दारात येऊन उभी होती, हात पिठाचे. कोण, म्हणाली. कुणी नाही म्हटल्यावर आत गेली.

मला लगेच कळलं. स्प्लिटर. तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक घेतला.

१५ मार्च, बुधवार.
६.०५, ब्लँक. ६.२०, ब्लँक. डबीचे स्क्रू पिळून पाहिले. तासभर नेट आणि फोन दोन्ही बंद. मग आपोआप सुरू झाले. माझ्या हाताला अजून गुण आहे.

१७ मार्च, शुक्रवार.
नेमका मी संडासात असताना फोन वाजला. हिने धावत जाऊन उचलला. त्या गुडघ्यांनी! आतून कान देऊन ऐकलं, ही हळू आवाजात बोलत होती. मी बाहेर येईतो ठेवला. कोण म्हटलं तर म्हणाली, राँग नंबर. राँग नंबरशी सहा मिनिटं? म्हणाली, बिचाऱ्याला सर्दी झाली होती, वाफ घे म्हणून सांगितलं.

फार मायाळू बाई आहे. पण यातून एक गोष्ट सिद्ध होते. आपल्या लाईनमध्ये दुसऱ्यांच्या लाईनी मिसळताहेत. दुसरी तक्रार. या वेळी लेखी, तीन परिच्छेद, प्रत वरिष्ठांना.

२० मार्च, सोमवार.
टेलिफोनचा लाईनमन आला. केस पांढरे, हात सावकाश चालणारे, अनुभवी माणूस. खांबावर चढून पाहिलं, रिसीव्हर कानाला लावून पाहिला, डबी उघडून पाहिली. वहीत लिहिलं, दोष आढळला नाही. हे वाक्य मी एकतीस वर्षं लिहिलं आहे, बऱ्याचदा खुर्चीतून न उठता. तसं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, मी तर खांबावर चढलो होतो.

मग विचारलं त्याने, ब्लँक कॉल कुणी उचलल्यावर येतात? म्हटलं, मी. वहिनींनी उचलल्यावर? म्हटलं, तिला राँग नंबर येतात, लांबलचक. त्याने एकदा हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर बघत होती. त्याने पक्कड पिशवीत टाकली आणि म्हणाला, साहेब, कॉलर आयडीचं यंत्र लावून घ्या, कुणाचा फोन ते दिसेल. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, नाहीतर नकाच लावू.

विचित्र माणूस. तांत्रिक बाबतीत एक काहीतरी ठाम सांगावं.

२२ मार्च, बुधवार.
हिचं काहीतरी बिनसलंय. नीट जेवत नाही. काल कप फोडला. पाच दिवसांत राँग नंबरसुद्धा आलेला नाही, कारण मी खुर्ची सोडलेली नाही. जेवणसुद्धा तिथेच. आज सहा वाजता ही समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, एक तास. फक्त एक तास बाहेर जाऊन या. आवाज चढला होता. म्हटलं, अगं, त्याचा फोन नेमका तेव्हाच आला तर? हिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मलाही भरून आलं. मुलासाठी आम्ही दोघंही झुरतो आहोत. फरक इतकाच की मी काहीतरी करतो आहे.

२३ मार्च, गुरुवार.
कॉलर आयडीचं यंत्र आणलं. लाईनमनचं ऐकून नव्हे. माझ्या मनात आधीपासूनच होतं. ही यंत्राकडे बघून म्हणाली, हे कशाला? एवढा एकच प्रश्न, पण दिवसभरात चार वेळा.

२४ मार्च, शुक्रवार. रात्री ९.१५.
६.१० ला ब्लँक. यंत्रावर नंबर आला. मोबाईलचा, परगावचा. वहीत उतरवून घेतला. तेवढ्यात यंत्राचे सेल मंदावले, म्हणून खाली कोपऱ्यावर जाऊन नवीन आणले. वीस मिनिटं. परत येऊन पाहतो तर तोच नंबर, ६.३५, आणि पुढे फोन उचलल्याची खूण.

हिला विचारलं, कुणाचा फोन? कुणाचा नाही, म्हणाली. डोळे लाल, पण चेहरा मात्र आठवड्यात पहिल्यांदा मोकळा. जेवताना आपणहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

यंत्र बिघडलेलं असणार. उद्या दुकानदाराला परत.

२५ मार्च, शनिवार.
यंत्र बिघडलेलं नाही.

दुपारी ३.
ई-मेल उघडलं. "त्या दिवशी माझ्या हातून चुकून फोन उचलला गेला." 'चुकून' खोडला. खोडल्यावर वाक्य उघडं पडलं. परत घातला. परत खोडला.

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. एकदा नाही, तीनदा उचलला. पहिल्यांदा कनेक्शन तुटलं तेव्हा त्याने आतून ओरडून सांगितलं, बाबा, परीक्षा चालू आहे, फोन उचलू नका. बरं म्हटलं. त्याने पुन्हा जोडलं, त्या मोडेमची शिट्टी संपेपर्यंत थांबलो आणि पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा रिसीव्हर काढून टेबलावरच ठेवला आणि पेपर वाचत बसलो. तो बाहेर आला. रिसीव्हरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, आपल्या खात्यात जागा निघते आहे, मी साहेबांशी बोललोय. परगावी जाऊन काय करायचंय?

एकुलता एक आहे. जाऊ नये असं वाटत होतं. तेवढं सरळ सांगता आलं असतं.

'सेंड' दाबलं नाही. कनेक्शन तुटलं का म्हणून मोडेम बघितला. चारही दिवे हिरवे.

२६ मार्च, रविवार. सकाळी १०.४०.
आता टाळाटाळ नाही. बापाने फोन करायचा. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, सहा ओळी, मोठ्या अक्षरात. ही आंघोळीला गेली. वहीत उतरवलेला नंबर फिरवला. दोन रिंग झाल्या. पलीकडून, हॅलो, आई? झोपेतला आवाज, पण किती खूश. आई, आज सकाळीच कसा गं? ते नाहीत का घरात?

ते. पूर्वी बाबा म्हणायचा.

कागद हातात होता. पहिली ओळ वाचायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. तो दोनदा हॅलो म्हणाला. ठेवला नाही त्याने, ऐकत राहिला. मी श्वास घेतला असेन. मग मीच ठेवला.

ही बाहेर येऊन म्हणाली, कुणाचा फोन होता? राँग नंबर, म्हटलं. हिने केस पुसता पुसता माझ्याकडे बघितलं.

२७ मार्च, सोमवार. ७.४०.
पावणेसहाला आपणहून सांगितलं, फिरायला जातो. हिने बूट आणून पुढ्यात ठेवले, गुडघे दुखत असताना वाकून. म्हणाली, सावकाश या.

कोपऱ्यापर्यंत गेलो. पुढे पाय उचलेना. सव्वासहाला परत आलो, तर दाराबाहेरच हिचं बोलणं ऐकू आलं. हसत होती. या घरात हिला शेवटचं कधी हसताना ऐकलं होतं? दाराला कान लावणं बरं दिसत नाही, म्हणून तीन पायऱ्या उतरून बसलो. तिथेही ऐकू येत होतं.

नाही रे, त्यांना काही कळलेलं नाही, ही म्हणत होती. ते आपले स्प्लिटरवर रागावलेत. मग सर्दी, जेवणाचा डबा, त्याच्या ऑफिसातला कुणीतरी खडूस साहेब. त्या कंपनीने त्याची परीक्षा पुन्हा घेतली होती म्हणे, तो पहिला आला होता. हे मला आज कळलं. मग बराच वेळ ही नुसती ऐकत होती. आणि मग म्हणाली, तू विचारत नाहीस, पण सांगते. बरे आहेत ते.

तेवढ्यात खालून सर्वज्ञ वर आले, हातात पिशव्या. किल्ली विसरलात? हो म्हटलं. किल्ली खिशात होती. म्हणाले, मग बेल वाजवा की, वहिनी घरातच आहेत, आवाज येतोय. मी ओठांवर बोट ठेवलं. ते दाराकडे बघत थांबले, मग माझ्याकडे बघितलं आणि चपलांचा आवाज न करता वर गेले. त्यांनाही माहीत होतं बहुतेक. सगळ्या जिन्याला माहीत असेल.

बोलणं सात वाजून पाच मिनिटांनी संपलं. आणखी दहा मिनिटं बसून राहिलो. मग बेल वाजवली.

ही म्हणाली, आज बराच वेळ लागला. म्हटलं, जरा लांब गेलो होतो. ही म्हणाली, असंच रोज जात जा.

बरं, म्हटलं.