ओट्यावर कोण बसणार

२ फेब्रुवारी
"तुम्ही नक्की कधी परत येणार?" जर्मनीहून, परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या कार्यालयाचा ई-मेल. एका ओळीचा प्रश्न.
मुदतवाढ मीच मागितली होती. तिथे नर्स म्हणून चार वर्षं झाली, आणखी एक झालं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण सलग सहा महिने बाहेर राहिलं तर राहण्याचा परवानाच रद्द. सप्टेंबरच्या मध्यावर आई ठाण्याच्या मासळी बाजारात, जिथे तिचा मासे विकायचा ओटा आहे, पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, मी आले. म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत. जास्त हवं असेल तर कारण तात्पुरतं आहे हे दाखवा आणि तारीख द्या.
आईचं हे तात्पुरतं नाही. पण तसं लिहिलं तर...

५ फेब्रु.
आईला सगळं समजावलं. वॉकर धरून फेऱ्या मारत ऐकत होती.
"म्हंजे आपल्या ओट्यासारखाच. बसलं नाय का गेला."
हो, तसंच.
"मंग तुझ्या जागेवर बसव ना कुणाला. ती केरळची पोरगी हाय ना तुझ्या खोलीवर? तिला सांग, बाय, मी येईपर्यंत धरून ठेव."
किती हसले! तीही हसली, पण यात न चालण्यासारखं काय, ते तिला कळलंच नाही. बाजारात असंच चालतं. बाळंतपण, आजारपण, कुणी घरी असलं की शेजारीण दोन टोपल्या मांडते. आजीचा ओटा आईकडे आला तो असाच कुणी ना कुणी धरून ठेवलेला. आता हिरामावशी सांभाळते. आईची बाजारातली शेजारीण, सख्ख्या बहिणीसारखी भांडणारी.

९ फेब्रु.
हि.मा. घरी आली. ज्याचा ओटा तोच बसतो का, पालिकेचे लोक तपासणार आहेत. "दोन ओट्यांवर एक बाई कशी बसंल? घरातलं कुणीतरी येऊन बस गो."
दादाला फोन केला. तो मानपाड्याला कंपनीत, शिफ्टमध्ये. वहिनी स्पष्ट नाही म्हणाली. दादा म्हणतो, "तू बस ना चार दिवस. तपासणाऱ्यांतलं तुला कोण ओळखतंय?"
आई उसळली. "ती नाय बसायची! मी तिला टोपलीला हात लावू दिला नाय."
खरं आहे. बारावीच्या सुट्टीत हट्टाने गेले होते, तर सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, ती काही आभाळातून पडली नाही; आईने अशी घडवली.
तरी म्हटलं, बसते.

११ फेब्रु.
बसले. "काय गो नर्सबाय, सुई टोचतेस का बोंबील विकतेस?" आजूबाजूच्या बायकांचं सकाळभर हेच.
घोडबंदर रोडहून गाडीने आलेल्या एक बाई. पापलेटचा भाव विचारला. मी खरा, शेवटचाच सांगितला. त्यांनी त्यातूनही कमी करून नेलं. हि.मा.ने कपाळावर हात मारला. "अगो, शेवटचा भाव पयला सांगतात काय? तिला भांडायला तरी जागा ठेव!"

१३ फेब्रु.
लिहावंसं वाटत नाही.
बाजाराचे निरीक्षक आले. साधा माणूस, आवाजसुद्धा चढा नाही. "इथे नेहमी तुम्हीच बसता का?" माझ्याआधी हि.मा. बोलली, "हां मंग, तिचीच पोर. तीच बसते." ते माझ्याकडेच बघत राहिले.
मी म्हणाले, नाही. मी जर्मनीत असते. परवापासून बसतेय.
आजूबाजूचे कोयते थांबले.
ते म्हणाले, आई बसू शकत नसेल तर घरातल्या कायम बसणाऱ्या कुणाचं नाव लावा. नाहीतर तुमच्या संमतीने दुसऱ्या बाईचं. महिनाअखेरपर्यंत. काहीच केलं नाही तर ओटा रिकामा धरून काढून घेणार.
ते गेल्यावर हि.मा.ने माशांवर पाणी मारलं. मग, "शिकलीस ते बरं केलंस गो. पण तोंड कधी मिटायचं ते नाय शिकवलं कुणी."
तिकडे प्रत्येक ठिकाणी खरं सांगितलं म्हणून टिकले. इकडे खरं सांगितलं आणि आईचं...

१४ फेब्रु.
आईला मीच सांगितलं. तिने विचारलं, "हिराला काय बोलला नाय ना तो?" मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ओरडली असती तर बरं.

१९ फेब्रु.
म्हटलं, ओट्याला माझं नाव लावू.
"नि ती भाषा शिकताना डोकं फोडलंस ते? मला तू ओट्यावर नको. मला ओटा पायजे."
दोन्ही नाही होत, आई.
"ते तुझ्या सायबांना सांग."
मग उरलेलंही सांगून टाकलं. तिकडचा पासपोर्ट घेतला की इकडचा परत करावा लागतो, आपल्याकडे दोन ठेवू देत नाहीत.
"मंग माझी पोर म्हणून ऱ्हायला पण कार्ड लागंल काय?"
इथे यायला-राहायला कार्ड मिळतं, म्हटलं. मत देता येत नाही, बाकी बरंच चालतं. हे ऐकून ती इतकी हसली की खुबा दुखला.
मला हसू आलं नाही.

२४ फेब्रु.
हि.मा.ची सून सोनल. दोन वर्षं सासूच्या मागे उभी राहून विकते, स्वतःची जागा नाही. ती खरंच रोज बसेल. आईला एवढंच म्हटलं. आई म्हणाली, "तिला सुरमई कापता येत नाय नीट." म्हणजे विचार करून झाला होता.

२७ फेब्रु.
झालं. आईला रिक्षाने बाजारात नेलं. ओटा सोनलच्या नावावर करायला तिने सही केली, संमती म्हणून मीही. सोनल पाया पडायला वाकली, तर आई म्हणे, "पाया नंतर पड, आधी गिऱ्हाईक बघ." आम्ही निघालो तेव्हा हि.मा.ने मान वर केली नाही.
घरी येऊन कार्यालयाला लिहिलं. मुदतवाढ नको, दहा मार्चला परत येते. तिकीट काढलं. आई रविवारी दादाकडे मानपाड्याला जाणार. तिथे इथल्यासारखी दाराशी खाडी नाही.
नागरिकत्वाचा अर्ज करेन की नाही, माहीत नाही. तेवढं अजून कुणी विचारलेलं नाही.
संध्याकाळी सोनल आली, आईचा कोयता मागायला. आई म्हणाली, "ओटा दिला ना? कोयता नाय मिळायचा."
आता आई कोयत्याला तेल लावतेय. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.