टाकीत काय होतं

६ जुलै, रविवार

दूध पुन्हा कडू! डेअरीतून दोन्ही कॅन परत आले. डेअरीवाला म्हणाला, "अक्का, चहा करून बघा ह्या दुधाचा. कारल्यागत लागायलाय." केला. खरंच कारलं.

कारण ठाऊक आहे. माळ. सहा एकर गवत म्हणायचं, पण गवत आहे कुठं? गाजरगवत कमरेला लागलंय, त्याच्या खाली तरोटा. म्हशी गवत हुडकता हुडकता गाजरगवतच ओरबाडतात. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत असंच झालं, म्हणूनच तर

नको.

लिहायचं तर लिहू. गेल्या आषाढात मी नरसिंगला माळावर तणनाशक मारायला पाठवलं. बावीस वर्षं गडी होता आमच्याकडं. त्या दिवशी वारं होतं. म्हणाला, "बाई, उद्या मारतो, वारं पडू द्या." मी म्हणाले, "आजच मारा, दूध परत यायलंय." पाठीवर पंप घेऊन गेला. दुपारी आला तो ओकतच. दुसऱ्या दिवशी बिदरच्या रस्त्यावर गाडीतच गेला. लोकांना सांगितलं – हार्ट अटॅक.

आता आमच्या माळावर पंप घेऊन जायला खटकचिंचोळीत कुणी तयार नाही. शेजारच्या सिद्धप्पांनी तोंडावर सांगितलं, "वयनी, दुपारच्याला तिथं दांडीचा आवाज यायलाय. पंप मारल्यासारखा. माझे गडी त्या बांधाकडं बघत बी न्हाईत."

७ जुलै

मलाही येतो. कुणाला सांगितलं नाही.

८ जुलै, मंगळवार

पाच वाजता नरसिंगच्या घरच्या, चांगुणाबाई, धारा काढायला आल्या. नरसिंगचा जलदानविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज येतात. आधी कधीतरी यायच्या, हाताखाली. आता सगळ्या म्हशी त्यांच्याच हाताच्या. मी चहा देते, त्या घेतात, कप धुऊन पालथा घालतात. मी त्यांच्या तोंडाकडं न बघता बोलायला शिकलेय. कपाळाकडं बघते. रिकाम्या कपाळाकडं. तेही सोसत नाही, मग म्हशीच्या शिंगाकडं.

आज ठरवलं. ट्रॅक्टरला जोडायचा फवारा घ्यायचा. छोटा ट्रॅक्टर आहेच. कुणा माणसाच्या पाठीवर आता ते ओझं नको.

१० जुलै, गुरुवार

भालकीला गेले. दुकानात मल्लिकार्जुन म्हणून पोरगेला विक्रेता. एका दमात कन्नड, मराठी, हिंदी. त्यानं दोन फवारे दाखवले. एक टाकी, लांब पाइप आणि हातात धरायची गन. ट्रॅक्टर उभा राहतो, माणूस पाइप ओढत फिरतो. स्वस्त. सगळे हाच नेतात म्हणे.

"म्हंजे माणूस औषधात चालणारच?"

"थोडं उडतंय अक्का. एवढं काय न्हाई."

एवढं काय न्हाई! मी बाहेर येऊन पायरीवर बसले. पाणी प्यायले. परत आत गेले.

दुसरा बूमवाला. ट्रॅक्टरच्या मागं दोन्ही बाजूंना आडवे हात, त्याला ओळीनं नोझल. माणूस गादीवर, औषध मागं. पण टाकी चारशे लिटरची. आमच्या ट्रॅक्टरला ती भरून उचलली तर उतारावर पुढची चाकं हलकी होतील. मल्लिकार्जुन म्हणाला, "पुढं वजन टाका." माळाचा उतार त्यानं बघितलेला नाही.

मी विचारलं, "हात धुवायला येगळं पाणी असतंय का ह्याच्यात? छोटी टाकी?" तो हसला. "आजपर्यंत कुणी इचारलं न्हाई अक्का." कागदावर मात्र लिहून घेतलं त्यानं.

१२ जुलै

ह्यांना, म्हणजे हरिओमना, दोन्ही फवाऱ्यांचं सांगितलं. जेवत होते. मान वर केली नाही. "कोणताबी घे. टाकी मी भरणार न्हाई."

"तुम्हाला कोण भरा म्हणालंय?"

हात धुऊन उठले. अर्धी भाकरी ताटात.

१३ जुलै, रविवार

माळाच्या फाटकापर्यंत गेले. बारा वाजले असतील. ऊन लख्ख. गाजरगवताला पांढरी फुलं आलीत, लांबून कुणी तांदूळ सांडल्यासारखी. खट्. खट्. खट्. दांडी खाली, दांडी वर. नरसिंगचा एक ठेका होता, दर चार पावलांना. मी ऐकू येणारी पावलं मोजली. चारच.

फाटक उघडलं नाही. घरी आले तेव्हा पाठ ओली. घामानंच, पण मी पदरानं पुसून वास घेऊन बघितला.

१६ जुलै, बुधवार

प्रियंका आली. नरसिंगची मुलगी. शेतीच्या डिप्लोमाला आहे, वसतिगृहात असते, सुट्टीवर आलीय. दारातच म्हणाली, "काकू, फवारा घ्यायलाव म्हणं. मी येते संगं बघायला. आम्हाला शिकवतेत ते."

नको कसं म्हणू? हो म्हणाले. आवाज बरोबर निघाला का माझा?

१७ जुलै, गुरुवार

प्रियंकाला घेऊन हुमनाबादला. एसटीत ती खिडकीशी. बापाचा जबडा, बापाचीच बोटं. सगळी वाट औषधाबद्दल बोलत होती. आपलं तणनाशक रुंद पानाला मारतं, गवताला नाही. पण सिद्धप्पांची तूरही रुंद पानाची. थेंब बारीक पडले, वाऱ्यानं गेले, तर त्यांचं पीक वाकडं होईल. म्हणून जाड थेंबाचं नोझल हवं, बूम गवताच्या जवळ हवा, वारं असलं तर फवारायचंच नाही.

"वारं असलं तर कुणी बी सांगू दे, मारायचं न्हाई," म्हणाली. बाहेर बघत.

दुकानात दोनशे लिटरची टाकी मिळाली, बारा फुटी घडीचा बूम. आमच्या ट्रॅक्टरला पेलणारी. प्रियंकानं नोझल काढून बघितले, गाळण्या बघितल्या, बूम बंद केल्यावर थेंब गळतो का ते पाणी घालून बघितलं. दुकानदार आधी मला सांगत होता, मग तिला सांगायला लागला. हात धुवायची टाकी बसवून देतो म्हणाला. ठरवलं. हाच.

परतताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, दवाखान्यात तुम्ही होतावना त्या दिवशी? डॉक्टरला कंचं औषध म्हणून सांगितलं?"

"आठवत नाही गं."

आठवतं. सगळं आठवतं. गावातला छोटा दवाखाना. चांगुणाबाई बहिणीकडं निर्ण्याला गेलेल्या, ही वसतिगृहात. नरसिंगच्या जवळ आम्ही दोघंच. डॉक्टर म्हणाले, "काही फवारलंय का? खरं सांगा." मी तोंड उघडलं. ह्यांनी माझं कोपर दाबलं. जोरात. मला कळलं – मी वाऱ्यात पाठवलं होतं, पोलिसांचं झंझट होईल, हे मला वाचवायलेत. मी म्हणाले, "उन्हात काम केलं. बाकी काही नाही."

नरसिंग शुद्धीवर होता. माझ्याकडं बघत होता. बोलला नाही. किंवा त्याला बोलता येत नव्हतं.

हे मी आज पहिल्यांदा कुठं लिहिलं.

२० जुलै

फवारा आला. निळी टाकी. अंगणात उभा आहे. हे मागच्या दारानं ये-जा करतात.

२१ जुलै, सोमवार

आज नुसत्या पाण्यावर चालवून बघितला. माळावरच. एक वर्षानं मी स्वतः फाटक उघडलं! ट्रॅक्टर मी चालवला, प्रियंका मागं. एकेका नोझलखाली एक-एक मिनिट मापाचा जग धरायचा, सगळ्यांचं पाणी सारखं आलं पाहिजे. दोन नोझल कमी द्यायले होते, तिनं काढून ब्रशनं घासले. चांगलं काम करते. मन लावून.

इंजिन बंद केलं. शांत झालं. आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकत होते आणि ती माझ्याकडं बघत होती.

"काकू, अप्पाचे डोळे कसे होते?"

"म्हणजे?"

"बाहुल्या. मोठ्या का बारक्या?"

बारीक. मोहरीएवढ्या. मी सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. एक सांगितलं आणि पुढचं आपोआप आलं. लाळ गळत होती, घामानं अंथरूण भिजलं होतं, दंडाची कातडी आतून कुणी बोट फिरवल्यासारखी हलत होती.

ती जग हातात धरून उभी. "हे तणनाशकाचं न्हाई काकू. आपण आणलंय त्या औषधानं एका दिवसात असं होत न्हाई. हे कीटकनाशकाचं हाय. आळीवर मारतेत ते." मग हळू म्हणाली, "त्याच्यावर इंजेक्शन असतंय. वेळंत सांगितलं तर माणूस वाचतंय पुष्कळदा."

मी ट्रॅक्टरवरून उतरू शकले नाही.

पण मी तर तणनाशकच दिलं होतं. बाटली माझ्या हातानं दिली होती. मग टाकीत काय होतं?

२२ जुलै

टाकी कोणी भरली होती? मी गोठ्यात होते. नरसिंग पंपाचा पट्टा शिवत बसला होता. टाकी कोणी भरली?

२३ जुलै, बुधवार

विचारलं. सकाळी, हे दाढी करत होते. "त्या दिवशी पंपात काय घातलं होतं?"

वस्तरा खाली ठेवला. आरशातच बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. नाही ओरडले.

"तुरीचं उरलं होतं. आळीचं. अर्धी बाटली. गोचीड लई झाले होते माळावर. म्हणलं एका फेरीत तण बी मरंल, गोचीड बी."

"नरसिंगला सांगितलं?"

"न्हाई."

"कामून?"

"सांगितलं असतं तर तो वाऱ्यात गेला नसता. तू घाई लावलीस."

अर्ध्या तोंडाला साबण तसाच. मी म्हणाले, दवाखान्यात तरी सांगायचं होतं. म्हणाले, "मी आत गेलो असतो विजू."

वर्षभर मला वाटत होतं, त्या दाबलेल्या कोपरात माझी काळजी होती. देवापुढं हात जोडले मी ह्या माणसासाठी!

आणि तरी "उन्हात काम केलं" हे शब्द माझ्याच तोंडचे. ते ह्यांच्यावर टाकता येत नाहीत. टाकून बघितले. परत येतात.

२५ जुलै

हे म्हणतात, "आता बोलून नरसिंग उठून येणार हाय का? प्रियंकाच्या शिक्षणाचं आपण बघू. लग्नाचं बघू." रात्रंदिवस हेच. मी काही बोलत नाही म्हणून त्यांना वाटतंय मी कबूल आहे.

मलाही एक क्षण वाटलं – बघू. खरंच बघू, सगळं करू त्या पोरीचं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. चांगला तासभर वाटलं.

२६ जुलै, शनिवार

दुपारी एकटी माळावर गेले. मुद्दाम बारा वाजता. गाजरगवतात शिरून मधोमध उभी राहिले. अंगावर खाज सुटली, तरी उभी.

काहीच आलं नाही. दांडी नाही, पाऊल नाही. सिद्धप्पांच्या तुरीत एक गडी खुरपत होता, तो मला बघून उठून पळाला!

म्हणजे आता त्याला मीच दिसायलेय तिथं.

२७ जुलै, रविवार

सांगितलं.

पहाटेच, गोठ्यात. चांगुणाबाई शेवटच्या म्हशीखाली बसल्या होत्या. मी समोर शेणात बसले, त्यांच्या उंचीला. आज तोंडाकडं बघितलं. म्हणाले, नरसिंगच्या टाकीत तणनाशकाबरोबर आळीचं औषध होतं. ह्यांनी घातलं. नरसिंगला ठाऊक नव्हतं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मी. खरं बोलले असते तर ते वाचले असते कदाचित.

त्यांचे हात थांबले नाहीत. धार पडत राहिली. पूर्ण पिळून घेतलं, रेडकाला सोडलं, बादली उचलून ओट्यावर ठेवली, हात धुतले.

मी म्हणाले, "काहीतरी बोला. मारा मला."

चहा ठेवला होता. घेतला नाही. गेल्या.

हे माडीवरून बघत होते. खाली आले आणि विचारलं, "काय सांगितलंस?" मी म्हणाले, सगळं. भिंतीला धरून बसले खाली. मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं.

२८ जुलै, सोमवार

पाच वाजता चांगुणाबाई आल्या. बादलीला हात लावला नाही. अंगणात उभ्या राहूनच बोलल्या.

"त्यांचा त्या दिवसाचा सदरा म्या धुतला न्हाई. पेटीत घालून ठिवलाय. आळीच्या औषधाचा वास म्या तवाच वळखला होता. लेकीला बी सांगितला. वरीसभर तुमच्या गोठ्यात बसून बघायलते, दोघांतलं कोण आधी बोलतंय."

प्रियंका पेटी घेऊन फाटकाशी उभी आहे. ठाण्यात जायलेत. ह्यांना हाक मारली, आले नाहीत. मी म्हणाले, थांबा, मी येते.