आपल्या टॉकीजमधली आई

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार करते. कंबर शाबूत आहे, काळजी नसावी.

लाँड्रीतलं इस्त्रीचं काम बरं चाललंय. थोडा खोकला आहे, पण तो वाफेचा. तुम्ही डोळ्यांत थेंब घालता ना?

परवा सुट्टी होती, म्हणून माझ्याच खोलीत भाड्याने राहणाऱ्या नर्सताईंबरोबर तुमच्या लाडक्या सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. सगळं नुसतं चकाचक! आणि भिंतीवर चक्क सिनेमातल्या आईच्या फोटोला हार. मी तिथंच भांडले, ‘ही धडधडीत चूक आहे! पहिल्या भागात ती बरी होऊन घरी येते, मी अकरा वेळा पाहिलाय.’ ताईंनी मोबाईलवर जुना भाग लावला. बाबा, त्यात ती इस्पितळातच प्राण सोडते. घरी येते ती फक्त मुलाच्या स्वप्नात.

मग आठवलं. टॉकीजचं मशीन तुम्ही चालवायचात, मी पहिल्या रांगेत असायचे, आणि आपली आई तेव्हा इस्पितळात होती. सिनेमातल्या आईच्या मरणाचा तुकडा तुम्ही रिळातून कापलात, म्हणून मला ते स्वप्न खरं वाटलं ना?

ताईंना मी अजूनही सांगते, दुसरा भागच चुकलाय.

पण बाबा, आता मी मोठी झालेय. डोळ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते न कापता लिहा. मग खोकल्यातला मी कापलेला तुकडाही तुम्हाला कळवीन.

तुमची,
पहिल्या रांगेतली