बांधावरची कळशी

आई, धाकट्याने मागच्या आठवड्यात जेवताना विचारलं, "ताई, आईला झालं ते मला पण होणार का?" तू असतीस तर उलथनं दाखवून म्हणाली असतीस, "गप जेव." मला तेवढंही जमलं नाही. घरातली पहिली पदवीधर मी. त्याला वाटतं, मला माहीत असणारच.

मानपाड्याच्या याच स्वयंपाकघरात तुझ्या हातून पहिल्यांदा कढी सांडली. तू चाळिशीचीही नव्हतीस. मग तू भिंत धरून चालायला लागलीस, बोलणं जड झालं. शेजारीण जिन्यात म्हणाली, "सकाळीसकाळीच घेते की काय ही?" मी भांडायला निघाले तर तू मला ओढून म्हणालीस, "विचार तिला, कुठे मिळते? मला पण आणून दे म्हणावं." आपण दोघी किती हसलो! पुढे तुला पाण्याचा घोटही गिळता येईना. मी चमचा धरून बसते आहे, पाणी तुझ्या हनुवटीवरून ओघळतं आहे, आणि तू डोळ्यांनीच म्हणते आहेस, राहू दे.

ठाण्याच्या डॉक्टरांनी तुझ्या आईचं विचारलं, तुझ्या मामांचं विचारलं. सगळे असेच गेलेले. ते म्हणाले, "तोल सांभाळणारा मेंदूचा भाग झिजत जातो. आईबापांकडून येतं. प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. औषध नाही." मिठागरांच्या पलीकडे, खाडीला लागून तुझं माहेर. रस्ता उशिरा आला, बाहेरचे लोक मुली देत नव्हते, म्हणून त्याच चार घरांत लग्नं होत राहिली. दुखणंही त्याच घरांत फिरत राहिलं.

तिथे लग्न ठरण्याआधी मुलाला किंवा मुलीला भरलेली कळशी डोक्यावर देऊन मिठागराच्या बांधावरून चालवायचे. पाणी सांडलं की सोयरीक मोडली. मिठागरं बंद पडली तरी रीत राहिली. आता धाकट्याचं लग्न जुळत आलंय, म्हणून परवा मोठ्या मामांनी आपल्या गच्चीवर खडूच्या दोन रेघा मारल्या आणि धाकट्याच्या डोक्यावर कळशी ठेवली. तो सरळ चालला. मामा ओरडले, "बघ गो, थेंब तरी सांडला का? उगाच घाबरवतंय पोराला, शिकलेली मोठी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "मामा, विशीत सगळेच सरळ चालतात. आईपण चालली होती." टाळ्या थांबल्या. माझ्याकडे कुणी बघेना.

मुलगी विठ्ठलवाडीची. त्यांच्याकडे यातलं कुणाला काही माहीत नाही. रात्रभर विचार करून धाकटा म्हणाला, "तिला कळायला हवं. पण तू सांग, माझ्याच्याने नाही होणार." मी तिला स्टेशनबाहेरच्या रसवंतीत भेटले. सगळं सांगितलं. ग्लासातला बर्फ विरघळला, ती रडली नाही.

"टेस्ट असते ना याची? त्याने केली?"

"करेल. घाबरतो आहे."

"आणि तू केलीस?"

"नाही."

"मग त्याला कुठल्या तोंडाने सांगतेस, ताई?"

मी रसाचे पैसे दिले. निघताना ती घरी बोलून कळवते म्हणाली. अजून तिचा फोन नाही. धाकटा मोबाइल उलटा ठेवतो आणि सारखा सुलटा करून बघतो. मी त्याला चहा देते. दुसरं काय देऊ?

हे पत्र त्याला वाचायला देणार नाही, तुझ्या फोटोमागेही ठेवणार नाही. आज सकाळी मी ठाण्याला जाऊन तपासणीसाठी रक्त देऊन आले. घरी अजून सांगितलेलं नाही. आणि आई, दवाखान्याचा लांब बोळ रिकामा होता, तेव्हा फरशीच्या एका रेघेवर पावलापुढे पाऊल टाकत मी शेवटपर्यंत चालून पाहिलं.