मागच्या सीटवर कुणीतरी होतं

ता. ४ फेब्रुवारी

चि. गोट्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की हे शेजारच्या खोलीतून सगळं ऐकतात, म्हणून पत्र. केस पिकले तरी मला तू गोट्याच, तेव्हा नाक मुरडू नकोस.

आमच्या गल्लीतल्या गाड्या चोरीला जाताहेत. आधी शिंप्याची गेली, मग दंतवैद्यीणबाईंची. दोन्ही आपल्या लाल गाडीसारख्याच, तितक्याच जुन्या. शेजारी नव्याकोऱ्या गाड्या उभ्या होत्या, त्यांना कुणी बोटसुद्धा लावलं नाही. ह्यांना डायलिसिसला न्यायचं तर त्या गाडीवाचून माझे हातपायच नाहीत. हे थट्टा करतात, की असला खटारा न्यायला चोरही तसाच म्हातारा लागेल. मी आपली उठून उठून खिडकीशी जाते.

तू विमा कंपनीत चोऱ्यांचेच दावे तपासतोस. खरं सांग, चोर जुन्या गाडीच्या मागे का लागतात? उत्तराची वाट पाहते. भावजयीला आणि मुलांना जवळ घेतलंय असं समज.

तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

दाजी हसोत, तुझी भीती खोटी नाही. नव्या गाडीच्या किल्लीत चिप असते. ती पटल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. आपल्या गाडीत तसलं काही नाही. कुलूप इतकं झिजलंय की दुसरीच एखादी झिजलेली किल्लीही त्यात फिरेल. शिवाय कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं, पण रस्त्यावर अजून ढिगानं आहेत आणि त्यांना सुटे भाग हवेच असतात. चोराला गाडी नको असते, तिचे अवयव हवे असतात. दारं एकीकडे गेली, गिअरबॉक्स दुसरीकडे, की ओळखणार कोण?

स्टिअरिंगला अडकवायचं लोखंडी कुलूप पाठवतोय. ते दिसलं की चोर सहसा पुढच्या गाडीकडे वळतो. क्षणभर उतरलीस तरी लाव. दाजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, कुलूप विसरू नकोस.

तुझा गोट्या

ता. २१ फेब्रुवारी

चि. गोट्यास आशीर्वाद.

कुलूप मिळालं. रोज लावत होते. परवा मात्र लावलं नाही, कारण हे गाडीतच होते.

डायलिसिसहून येताना ह्यांना ग्लानी आली, म्हणून मागच्या सीटवर आडवे झाले. मी अंगावर चादर घातली आणि औषधं घ्यायला उतरले. बाहेर येऊन पाहते तर गाडी नाही. औषधवाल्यानं मला पोलीस चौकीत नेलं. हवालदार गाडीचा नंबर विचारत होते आणि मला ह्यांचा रंगच आठवत होता, मघाशी किती पांढरा पडला होता तो. तेवढ्यात दंतवैद्यीणबाईंचा फोन आला, की गाडी तुमच्या दारात उभी आहे आणि यजमान आत बसलेत.

झालं असं, की वाटेत ह्यांना खोकला आला. तोवर मागं कुणी आहे हे चोराला कळलंच नव्हतं. गाडी खांबावर जाता जाता वाचली. ह्यांनी त्याला हाताची पट्टी दाखवली, पायी चालवत नाही म्हणाले, पत्ता सांगितला आणि घरी सोड म्हणून विनवलं. त्यानं आणून सोडलं. फाटकसुद्धा स्वतः उघडलं. सगळे म्हणाले, चोरातही माणूस असतो. मीही म्हणाले. तुझा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हटलं, कारण हे शेजारीच बसले होते.

काल पट्टी बदलताना हे हळूच म्हणाले, की जाण्याआधी तो बराच वेळ घराकडे बघत होता. मग त्यानं विचारलं,

"आजोबा, घरात दोघंच असता का?"

मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? हे खाली बघत म्हणाले, "हो म्हणालो गं. सुचलंच नाही."

तेव्हापासून फाटक वाजलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो, उठत कुणीच नाही. माया आहेच तुझी. थोडी काळजीही कर.

तुझी ताई

ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पत्र आत्ता मिळालं. दारांची कुलपं बदलून घे आणि त्या माणसानं काय विचारलं, ते चौकीत जाऊन सांग. दाजींना बोल लावू नकोस. तशा वेळी मीही हेच म्हणालो असतो.

आता कुणी विचारलं तर घरात तिघं आहोत म्हणायचं. ते खोटं पडू नये म्हणून रजा टाकलीय. बाहेरच्या खोलीत अंथरूण घालून ठेव. हे पत्र पेटीत टाकून तसाच बस पकडतोय, बहुधा पत्राच्या आधी मीच पोचेन. फाटक वाजवणार नाही, रस्त्यावरूनच ताई म्हणून हाक मारेन.

तुझाच
गोट्या